वरची साय

आमच्या घरात काही उकळल्याचा आवाज आला म्हणून कुणी चुलीकडे धावत नसे. घर बॅटऱ्यांचे होते. डिचोलीच्या बाजारातून बाहेर पडणाऱ्या रस्त्यावर पुढे दुकान, मागे दोन खोल्या आणि त्यामागे न्हाणी, एवढाच आमचा पसारा. दुकानात भिंतीला लागून जांभ्या दगडाचा लांब कट्टा होता आणि त्यावर खाणीच्या ट्रकांच्या बॅटऱ्या ओळीने चार्जिंगला लावलेल्या असत. चार्जरची गुणगुण सकाळी सुरू होई आणि तिच्याखाली दिवसभर तेजाबाची बारीक बुडबुड चाले. मांद्र्याहून कुणी नातेवाईक आले की जेवताना कान टवकारून म्हणत, "वयनी, पेज उतू जाता गो!" आणि आई वाढता वाढता म्हणे, "ती माजी पेज न्हय, ती ट्रकवाल्याची." मग सगळे हसत. आईची खरी पेज दहाच्या सुमाराला तयार होई. उकड्या तांदळाची, दाट, सोबत खारवलेल्या कैऱ्यांची फोड किंवा सुक्या सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, किसमूर. तेवढा अर्धा तास आबा चार्जर बंद करत आणि घरात विलक्षण शांतता पसरे. मला लहानपणी वाटे की पेज अशी शांततेतच खायची असते.

आबा म्हणजे माझे वडील. मूळचे पेडण्यातले, केरीचे. खाणीच्या वर्कशॉपमध्ये काम शिकले आणि मग डिचोलीत स्वतःचे दुकान टाकले. भोक नसलेला एकही शर्ट त्यांच्याकडे नव्हता. शर्ट म्हणजे भोकांचीच जाळी. तेजाबाचा थेंब उडाला की कापड दुसऱ्या धुण्यात फाटे. आई म्हणे, "तुमका नवो शर्ट म्हणजे तेजाबाक नैवेद्य." त्यांच्या खांद्यावर कायम एक तुवालो असे, तोही तसाच, खाल्ल्यासारखा. आबा बॅटरीला कान लावून बसत. आवाजावरून त्यांना कळे की भरत आली आहे की नुसतीच फसफसते आहे. पण कानावरही त्यांचा पूर्ण विश्वास नव्हता. खरा विश्वास होता त्यांच्या काचेच्या नळीवर. नळीला वर रबरी फुगा. तो दाबून सोडला की तेजाब आत चढते आणि आतली छोटी काचेची तरंगती कांडी वर-खाली होते. पुस्तकात तिला हायड्रोमीटर म्हणतात. आबा त्या कांडीला 'बाहुली' म्हणत. बॅटरी भरलेली असली की तेजाब जड होते आणि बाहुली उंच तरंगते. उतरलेली असली की तेजाब पाण्यासारखे हलके होते आणि बाहुली बुडते.

आबांचा एक सिद्धांत होता. उतरलेल्या बॅटरीला पंधरा मिनिटे चार्ज द्या, व्होल्टमीटरचा काटा लगेच पूर्ण दाखवील. पण ते खरे नव्हे. त्याला ते 'वरची साय' म्हणत. "पातळ दुधाक पण साय येता," ते सांगत. "साय बघून म्हशीची परीक्षा करायची नाय. खाली पळी घालून बघायची." म्हणून प्रत्येक बॅटरीत ते बाहुली घालून बघत आणि मगच तिच्या कुशीवर खडूने बरोबरची खूण करत. आबा डावखुरे. त्यांच्या खुणेची लांब दांडी इतरांसारखी उजवीकडे न जाता डावीकडे जाई. बाजारात सगळ्यांना ती खूण माहीत होती. ट्रकवाले दुसरे काही विचारत नसत. वाकून खूण बघत आणि बॅटरी उचलत.

हायर सेकंडरीत मी विज्ञान शाखा घेतली तेव्हा आबांना फार अभिमान वाटला, कारण आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतले ॲक्युम्युलेटर, म्हणजे दोन व्होल्टचे एकेकटे सेल, आमच्याच कट्ट्यावर चार्जिंगला येत. आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांचे नाव मी इथे लिहीत नाही. मुले त्यांना 'काटा सर' म्हणत, कारण दर वाक्याला ते "काट्याकडे बघा" म्हणायचे. त्यांचा आवडता प्रयोग पोटेन्शिओमीटरचा. ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका लांब फळीवर बारीक रोधक तार दहा वेळा पुढे-मागे ताणून बसवलेली असते, एकूण दहा मीटर. एक मोठा सेल, म्हणजे आमच्याकडे चार्जिंगला येणारा तोच ॲक्युम्युलेटर, त्या तारेतून सतत प्रवाह पाठवत राहतो. ज्या सेलचा दाब मोजायचा तो त्याच्या विरोधात जोडायचा आणि एक धातूची टोकदार मूठ तारेवर जागोजाग टेकवत जायचे. एका ठिकाणी दोघांचा जोर सारखा होतो, आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा बरोबर मधे शून्यावर उभा राहतो. तेवढ्या तारेची लांबी हेच मोजमाप; असे दोन सेल मोजून त्यांची तुलना करायची. त्या क्षणी मोजल्या जाणाऱ्या सेलमधून प्रवाह अजिबात वाहत नाही, त्याच्याकडून काहीच घेतले जात नाही, म्हणून हे सगळ्यांत खरे मोजमाप, असे सर म्हणत. अट एकच. तो मोठा सेल शेवटपर्यंत टिकला पाहिजे. तो मधेच उतरू लागला की शून्याची जागा सरकत राहते आणि सगळी आकडेवारी खोटी पडते.

ते वर्ष भाषेच्या, मराठी की कोंकणी या, भांडणाचे होते. भिंतींवर डांबराने घोषणा, एकाच घरात दोन मते, बसगाड्या कधी चालू कधी बंद. आमचे सर मराठीच्या बाजूचे, सभांत बोलणारे, स्वच्छ आणि धारदार. आबाही मराठीच्याच बाजूचे होते. घरात देवाची पोथी मराठी, भजन मराठी, पत्र मराठी. फक्त तोंडात जे येई ते पेडण्याचे, थोडे मालवणी, थोडे कोंकणी, जसे केरीच्या खाडीच्या दोन्ही काठांवर, इकडे गोवा तिकडे महाराष्ट्र, बोलतात तसे. त्याची त्यांना कधी लाज वाटली नव्हती. त्या दिवसापर्यंत.

त्या दिवशी आमचा तास चालू होता. आबा ॲक्युम्युलेटर घेऊन दारात आले. सरांनी तो टेबलावर ठेवायला सांगितला, व्होल्टमीटर लावला आणि आम्हाला दाखवला. "काट्याकडे बघा. दोन व्होल्ट. पूर्ण चार्ज." आबांनी जायला हवे होते. पण शिकवण्याची जागा बघून त्यांना राहवले नसावे. ते नम्रपणे म्हणाले, "सर, हो भरलेलोच आसा, मी बघितलाय. पण एरवी काट्याचो भरवसो धरू नकात. ती वयली साय असता. तेजाब मेजून पळोवचा." म्हणजे मोजून बघायचे.

सरांनी व्होल्टमीटर बाजूला ठेवला. मग वर्गाकडे वळून म्हणाले, "उभे राहा सगळे. भौतिकशास्त्राचे नवे प्राध्यापक आले आहेत." मुले हसत उभी राहिली. सरांनी विचारले, "कितवीपर्यंत शिक्षण, प्राध्यापक?" आबा म्हणाले, "दोन वर्गां, सर. पोर्तुगीज शाळेत." पुन्हा हशा. "आणि ही भाषा कुठली? साय असता, मेजून पळोवचा! अर्धी खाडीच्या अलीकडची, अर्धी पलीकडची. अशी माणसे आपल्या बाजूला असली की समोरच्यांना भांडायची गरजच नाही." मग त्यांची नजर टेबलावर गेली. सेलच्या बुडाला तेजाबाचे ओले कडे उमटले होते. "आणि हे पुसून जा. पुढच्या वेळी दारातूनच द्यायचे." आबांनी खांद्यावरचा तुवालो काढला, टेबल पुसले, घडी घालून परत खांद्यावर टाकला आणि गेले.

मी कितीतरी वर्षे हे सांगताना इथेच थांबत आलो. बायकोला सांगितले तेव्हाही इथेच थांबलो. राहिलेले इथे लिहितो. वर्ग उभा राहिला तेव्हा मीही उभा राहिलो. वर्ग हसला तेव्हा मीही हसलो. आबांनी जाता जाता हसणाऱ्यांकडे एकदा बघितले, आणि मी त्यांत होतो.

सगळ्या वर्गात एकच जण हसली नव्हती. ती शोभा. गडहिंग्लजकडचे तिचे घर, वडील शिरगावच्या खाणीवर कामाला. मुले तिला मागून 'घांटी' म्हणत आणि ती मागे न वळता "आनि तुमी कोन, विलायतेचं?" असे विचारून पुढे जाई. तास सुटल्यावर व्हरांड्यात तिने मला गाठले. "तुजा बा खरं बोलला बग. आमच्या रेडिओचा सेल बी असाच करतोय. जरा इसावा दिला की गातोय, मग मरतोय. ते तेजाब कसं मोजत्यात रं?" मी सायकल काढून निघालो. पण ती शनिवारी आपली आपण दुकानात आली. आबांनी तिला बसायला कदेल, म्हणजे खुर्ची, दिली, बाहुली दाखवली, बॅटरीला कान लावायला शिकवले. "आयकलंय? ही भरत इली. आनी ही नुसती बडबडता, तुमच्या पुढाऱ्यांसारकी." शोभा खळखळून हसली. मग तिने खडूच्या खुणेबद्दल विचारले. आबा म्हणाले, "ती म्हजी जबान, बाय. डोळ्यांनी बघितल्याबिगर घालीना." आईने तिला पाव आणि चहा दिला. मी मागच्या खोलीत जनेलाजवळ, खिडकीच्या उजेडात, पुस्तक उघडून बसलो होतो आणि एक अक्षर वाचत नव्हतो. आबा माझ्याशी नेहमीसारखेच बोलत होते, हेच मला सहन होत नव्हते. त्यांनी एक थोबाडीत मारली असती तर कदाचित पुढचे काही झाले नसते.

राग कुठेतरी न्यावाच लागतो. स्वतःवरचा राग मी सरांच्या दारात नेऊन ठेवला. त्यांचा तिरस्कार मी अभ्यासासारखा करू लागलो, रोज, वेळेवर. त्यांचा इस्त्रीचा शर्ट, खिशातली दोन पेने, "काट्याकडे बघा" म्हणताना वर होणारी भुवई, सगळे पाठ केले. त्यांना मारावे, सायकलची हवा काढावी, असले मला सुचलेच नाही. मला त्यांना त्यांच्याच काट्यासमोर उभे करायचे होते. बाहेरच्या माणसादेखत. आणि आबांनी त्या दिवशी जे सांगितले आणि सरांनी ज्याची थट्टा केली, नेमके त्यानेच. हा विचार मला पेज खाताना, अंघोळ करताना, प्रार्थनेला उभे असताना सुचत राही, आणि खरे सांगतो, परीक्षेपर्यंतच्या त्या दोन महिन्यांत मी जितका सुखी होतो तितका क्वचितच झालो असेन.

बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली. बाहेरचे परीक्षक मडगावकडून येणार होते. परीक्षेच्या दोन दिवस आधी शाळेचा ॲक्युम्युलेटर आमच्याकडे आला. आबांनी तो रात्रभर लावून नीट भरला. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ते तेजाबाची नवी बरणी आणायला म्हापशाला गेले आणि जाताना म्हणाले, "शाळेचो सेल तयार आसा. मी येवन एकदा बघतलंय आणि खूण घालतलंय. मगे तू पोचव."

आई मागे भांडी घासत होती. मी विजेच्या शेगडीच्या तुटलेल्या तारेचा हातभर तुकडा घेतला, त्याचे वेटोळे पत्र्याच्या डब्यातल्या पाण्यात सोडले आणि दोन टोके सेलला जोडली. तार तापू लागली. पाण्यात बोट घालून मी बसून राहिलो. आधी गार, मग कोमट, मग चांगले ऊन. आबांनी रात्रभर भरलेले सगळे त्या डब्यात उतरत होते. दोन-अडीच तासांनी पाणी पुन्हा निवू लागले तेव्हा मी बाहुली घालून बघितली. ती तळाला जाऊन टेकली होती. मग मी सेल पुन्हा चार्जरला लावला, फक्त पंधरा मिनिटे. व्होल्टमीटर लावला. काटा दोनवर. मला हसू आले. वरून दाट साय, खाली पाणी.

उरली खूण. खुणेशिवाय सेल गेला तर सर घेणार नाहीत असे नव्हते. त्यांना खुणेची किंमत नव्हती. तरी मी ती केली. सगळे अगदी खरे वाटावे म्हणून असेल. आबांचा खडू घेतला, उजव्या हाताने, हळूहळू, लांब दांडी डावीकडे ओढली. आबा यायच्या आत सेल सायकलच्या कॅरिअरला बांधून शाळेत पोचवला. संध्याकाळी आबांनी विचारले, "नेलंस? म्हजी वाट बघूक नाय?" मी म्हणालो, "शिपायान घाई केली. मी बाहुली घालून बघितलं." आबांनी मान हलवली. "बरां."

परीक्षेच्या सकाळी एका वाडग्यात प्रयोगांच्या चिठ्ठ्या होत्या. ज्याला जो येईल तो. मला काचेच्या ठोकळ्याचा प्रयोग आला. माझ्या पुढे शोभा होती. तिने चिठ्ठी उघडली आणि मागे वळून मला दाखवली, आनंदाने. पोटेन्शिओमीटर. तिला तो प्रयोग झोपेतसुद्धा करता आला असता.

वाचणाऱ्याला वाटेल की हे मला आधी कसे सुचले नाही. नाही सुचले. दोन महिने मी ते टेबल मनात बघत होतो. फळी होती, तार होती, सेल होता, मान खाली घातलेले सर होते. टेबलापाशी बसलेले मूल त्या चित्रात नव्हते. आता होते. अजून वेळ होती. हात वर करून म्हणायचे, सर, तो सेल बदला. एवढेच. मी माझ्या ठोकळ्याभोवती टाचण्या टोचू लागलो.

शोभाने पहिली जागा शोधली. पाचशे बेचाळीस सेंटीमीटर. लिहिली. पडताळा म्हणून पुन्हा मूठ टेकवली तर काटा हलला. पाचशे एकावन्न. पुन्हा बघितले, पाचशे सत्तर. तिने सगळी जोडणी सोडली, तारांची टोके घासली, पुन्हा जोडली. पाचशे पंच्याण्णव. मी ठोकळ्यावरून बघत होतो. ती वाकून सेलच्या कुशीकडे बघायची, खडूची खूण दिसायची, आणि ती पुन्हा आपल्याच तारांकडे वळायची. असे चार वेळा झाले. तिच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी काटा एकाच बाजूला जाऊ लागला, शून्यावर येईचना.

सर तिच्यामागे आले. परीक्षक दुसऱ्या टोकाला तोंडी परीक्षा घेत होते. सरांनी व्होल्टमीटर आणला, तारा सोडवून सेलला लावला. विसावा मिळालेला सेल, काट्याने जवळजवळ दोन दाखवले. "सेल ठीक आहे. तुझीच जोडणी चुकली असणार." मग आवाज उतरवून, पण मला ऐकू येईल इतका, म्हणाले, "वेळ संपत आला. ते सगळे खोड. पाचशे चाळीस लिही, दुसऱ्या सेलला सातशे पंचवीस. गणित कर आणि दे." शोभा म्हणाली, "पर सर, तसं येत न्हाई." सर म्हणाले, "येते. पुस्तकात येते."

तिने खोडले आणि लिहिले.

परीक्षक वयस्कर होते, मऊ बोलणारे. त्यांनी तिचा कागद घेतला, खोडलेल्या आकड्यांवर बोट ठेवले, मग स्वतः जोडणी करून मूठ तारेवर टेकवली. काटा एका बाजूला पडून राहिला. त्यांनी विचारले, "बाये, हे आंकडे तुवें खंयच्यान हाडले?" म्हणजे कुठून आणले. शोभाने सरांकडे बघितले. सर खिडकीबाहेर बघत होते. मग तिने का कोण जाणे माझ्याकडे बघितले. मी टाचण्या मोजत होतो. ती म्हणाली, "म्या लिवलं, सर." परीक्षकांनी कागदावर लाल रेघ मारली. मग त्यांनी व्होल्टमीटर लावूनच सेलवर भार टाकला आणि काटा सगळ्यांदेखत घसरत खाली आला. "तुमचो हायड्रोमीटर हाडात," ते सरांना म्हणाले. सर म्हणाले की तो प्रयोगशाळेत नाही. "हायड्रोमीटरूच दवरूंक ना? इतलीं वर्सां तुमी फकत कांटो पळोवन शिकयतात?" सरांचा चेहरा आधी लाल, मग राखेसारखा झाला. त्यांनी रुमालाने मान पुसली. सगळा वर्ग बघत होता.

मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी लिहायला बसलो आहे तर खोटे लिहिणार नाही. शोभाच्या कागदावरची लाल रेघ मला दिसत होती आणि तरी पोटात काहीतरी गोड, गरम पसरत होते, त्या डब्यातल्या पाण्यासारखे. मी मनात म्हणत होतो, पुसा. आता तुम्ही पुसा.

पण सर असे पुसणारे नव्हते. ते म्हणाले, "हे त्या बॅटरीवाल्याचे काम. त्याला बोलवा." शिपाई सायकलवरून गेला आणि आबांना घेऊन आला. आबा दारातच थांबले. आत यायला परीक्षकांनी सांगितले तेव्हा आले. त्यांनी बाहुली आणली होती. नळी सेलमध्ये घातली, फुगा सोडला आणि उजेडाकडे धरून बराच वेळ बघत राहिले. बाहुली तळाला. मग ते सेलच्या कुशीकडे वाकले. खुणेवर त्यांनी अंगठा ठेवला. आबांचा खडू सुरुवातीला जोरात टेकायचा, तिथे जाड ठिपका उमटायचा. या खुणेला ठिपका नव्हता. ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी होती, शाळेत गिरवलेल्या अक्षरासारखी. अंगठा तसाच राहिला. त्यांनी मान वर केली नाही, कुणाकडे बघितले नाही. माझ्याकडेही नाही.

"ही खूण तुमची?" परीक्षकांनी विचारले.

"म्हजी," आबा म्हणाले. "चूक म्हजी."

सर बोलू लागले. अडाणी माणसाच्या हाती मुलांचे भविष्य, वगैरे. आबांनी ते सगळे ऐकून घेतले. सेल उचलला. खाली ओले कडे उमटले होते. कुणी सांगितले नव्हते, तरी त्यांनी तुवालो काढला, टेबल पुसले, घडी घातली आणि गेले.

घरी गेलो तेव्हा चार्जर बंद होता. पेजेची वेळ नव्हती तरी शांतता होती. आई म्हणाली, "जेव." आंबाड्यांची करम, म्हणजे कोशिंबीर, होती, मला आवडणारी. आबा समोर बसून जेवले. आईने विचारले, शाळेत कित्याक बोलावलेलां? ते म्हणाले, "सेल उतरलेलो. म्हज्या नदरेतसून सुटलो." मला वाटले आता विचारतील. हात धुतल्यावर, झोपताना, उद्या. त्यांनी कधीच विचारले नाही. दुसऱ्या दिवशी चार्जर सुरू झाला, बाहुली प्रत्येक बॅटरीत पहिल्यासारखीच उतरू लागली. फक्त खूण बंद झाली. ट्रकवाले वाकून बघायचे आणि म्हणायचे, "मामा, टिक घालूक नाय?" आबा नळी त्यांच्या हातात द्यायचे. "तूच बघून घे."

निकाल लागला तेव्हा गोव्याचे राज्य झाले होते. बाजारात फटाके होते, पेढे होते, आणि त्याच गर्दीत गुणपत्रिका वाटल्या गेल्या. शोभा पास झाली, पण भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकात तिला काठावरचे गुण होते. तिला पॉलिटेक्निकला जायचे होते. यादीत नाव लागले नाही. खाणीवरचे काम सोडून तिचे वडील गावी निघाले होते. जायच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली. आबा बाहेर गेले होते. मी एकटाच होतो. ती उभ्याउभ्याच म्हणाली, "एक इचारायचं हुतं. तुज्या बाची खूण हुती म्हून म्या बॅटरीवर संशय घेतलाच न्हाई. माज्याच तारा सोडत बसले. तुज्या बाकडनं असं कसं झालं रं?"

मी म्हणालो, "चुकतं माणूस."

ती म्हणाली, "व्हय. पर ते न्हाईत चुकत." आणि माझ्याकडे बघत राहिली. मग कट्ट्यावरच्या एका बॅटरीला तिने कान लावला, थोडा वेळ ऐकले, आणि गेली. नंतर ती मला कधी दिसली नाही. गडहिंग्लजला मी दोनदा गेलो आहे, धंद्याच्या कामाने. तिथे तिचा पत्ता विचारायला मला कुणी अडवले नव्हते.

सर अजून आहेत. निवृत्त झाले, गुडघे गेले. आमच्या दुकानात आता इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकतो, त्यांच्या घरची बॅटरीही माझीच. येतात तेव्हा माझी सगळी नम्रता असते, पण मी त्यांना कदेल देत नाही. पंधरा-वीस मिनिटे उभे ठेवतो. बायको ओरडते. माझे वय पन्नाशी ओलांडून गेले तरी हे सुटत नाही. त्यांना आबा आठवतही नसतील. मला मात्र त्यांच्या गुडघ्यांकडे बघताना अजून ते गरम पाणी जाणवते, आणि लगेच मागोमाग लाल रेघ.

आबा शेवटच्या दोन वर्षांत फारसे दुकानात येत नसत. डोळ्यांत मोतीबिंदू होता. एका सकाळी काठी टेकत आले आणि कट्ट्याला हात लावून बसले. मी नुकतीच एक बॅटरी भरून उतरवली होती. आवाज ऐकून ते म्हणाले, "भरली ती." मी म्हणालो, "होय आबा, बाहुली घालून बघितली." मग, एवढी वर्षे जे तोंडात अडकले होते ते बाहेर काढण्याचा मला तेवढाच रस्ता सुचला. मी गल्ल्यातून खडूचा तुकडा काढला आणि त्यांच्या हाताजवळ धरला. "आबा, खूण घालतास?"

त्यांनी खडू चाचपला. हातात घेतला नाही.

"तू बघितलंस मा?"

"होय."

"मगे तुजी घाल," ते म्हणाले. "म्हजी नको घालू."

खडू हातात धरून मी उभा राहिलो. माझी अशी खूण मला कधी करावीच लागली नव्हती.